सव्वा मूठ गहू

सारंगखेडा, श्रावण, शके १८५८

पोरी सुंदर,

तूच शिकवलेल्या अक्षरांत पहिल्यांदा लिहिते आहे. धानोऱ्याला, तुझ्या माहेरी, हे पाठवायचा धीर मात्र मला होणार नाही.

गेल्या श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी मी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढला. तुझ्या पोटात मुलगाच, असं धरून त्याचीही मूठ घातली आणि सातव्या महिन्यात तुला जात्यावर बसवलं. तू म्हणालीस, "आत्याबाई, जीव थकी गया. जराशी पडू का?"

मी म्हणाले, "आम्हले पोरं नही व्हयनात का?"

खुंट्यावर डोकं टेकून तुझा डोळा लागला, तर मी हलवून उठवलं. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण रडलीच नाही. तू माहेरी गेलीस, ती परत आली नाहीस.

आज पुन्हा गहू काढला. बायकांच्या नावाची मूठ आपल्यात निघत नाही. मी दोन काढल्या, एक तुझी, एक तिची. दळायला एकटीच बसले. माझ्या पोटात कोणी नाही, तरी अर्ध्या दळणातच हात गळाले गं.

तुला झोपू न देणारी तुझी सासू,
कौसाबाई