काउंटरखालचं बटण

मंगळवार संध्याकाळ, हॅमिल्टन

मालिका अर्ध्यातच पॉज करून ठेवलीय. ब्रिटिश आहे, वेश्याव्यवसायावर धाडी घालणाऱ्या पोलिसांची. आज त्यांनी एका मसाज पार्लरवर धाड घातली. रिसेप्शनवरच्या पोरीनं काउंटरखालचं बटण दाबलं आणि वरच्या मजल्यावर घंटा वाजली. बेड्या आधी तिलाच पडल्या.

आणि मला ऋतुजा आठवली. आमच्या बेसमेंटमध्ये राहते, नागपूरहून शिकायला आलीय, एका स्पामध्ये पार्टटाइम रिसेप्शनवर बसते. परवा हसत सांगत होती, "ताई, माझ्या काउंटरखाली एक बटण आहे. युनिफॉर्मवाला कोणी आला तर दाबायचं म्हणे."

मीसुद्धा हसले. सिक्युरिटीसाठी असेल म्हणाले! पोलिसांना बघून कसली सिक्युरिटी?

त्या जॉबची जाहिरात मराठी ग्रुपवर मीच टाकली होती. वर लिहिलं, 'चांगली माणसं आहेत.' कुठे ओळखत होते मी त्यांना? आलेला मेसेज नुसता पुढे ढकलला.

तिला तीनदा फोन केला, उचलत नाहीये. शिफ्टवर असेल, त्या बटणापाशी. शेवटी मेसेज डिलीट करायला ग्रुप उघडला. खाली एका नव्या मुलीनं विचारलंय, "अजून जागा आहे का?"

ऋतुजाचं उत्तर आत्ताच आलंय. "हो, आहे ना. उद्या माझ्यासोबतच चल."