शून्य टक्क्यांचे सहा महिने

३ जून, मंगळवार
आजपासून कर्जमुक्ती. क्रेडिट कार्डावर ब्याण्णव हजार थकलेत, महिन्याला तीन हजारांहून जास्त व्याज. दुसऱ्या बँकेने उपाय सुचवला. बॅलन्स ट्रान्सफर. जुन्या कार्डाची बाकी त्यांच्या नव्या कार्डावर न्यायची, सहा महिने व्याज शून्य. महिना साडेपंधरा हजार भरले की डिसेंबरात मोकळा. ज्युनिअर कॉलेजात बुककीपिंग शिकवणाऱ्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. दाक्षायणीला काही माहीत नाही. फिटल्यावर एकदम सांगेन. सरप्राइज.

७ जून
मेहुणा बसू मंगळवेढ्याहून ज्वारी घेऊन आला. दाक्षायणी आत होती तेवढ्यात त्याला आकृती काढून स्कीम समजावली. तो म्हणाला, "दाजी, म्हंजे देनं हाय तेवढंच हाय की." काही लोकांना फायनान्स समजत नाही. बहिणीला सांगू नको म्हटलं. "मलाच कळलं न्हाय, सांगू काय?"

१४ जून
ट्रान्सफर झालं. फी आणि जीएसटी मिळून एकवीसशे एकाहत्तर जादा लागले. हरकत नाही. जुन्या कार्डावर बाकी शून्य. फार हलकं वाटलं. कार्ड कापून टाकायचं ठरवलं. कात्री सापडली नाही. इमर्जन्सीला ठेवतो.

२९ जून
सात रस्त्याच्या दुकानात एसीचा सेल. अडतीस हजार. पाऊस सुरू झाला की एसी स्वस्त होतो, तेव्हाच घ्यावा. सोलापुरातला उन्हाळा ही इमर्जन्सीच आहे, फक्त आगाऊ. जुनं कार्ड वापरलं. दाक्षायणीने पैसे कुठून म्हणून विचारलं. पेपर तपासल्याचे म्हटलं. तिने पेपर किती होते ते विचारलं. विषय बदलला.

१० जुलै
नव्या कार्डावर या महिन्यात फक्त मिनिमम भरलं. पुढच्या महिन्यात डबल.

२ ऑगस्ट
श्रावण, पाहुणे. मिनिमम. सुधारित प्लॅन: सप्टेंबरपासून दरमहा तेवीस हजार. हप्ते कमी, शिस्त जास्त.

१९ सप्टेंबर
बँकेतून एका मुलीचा फोन. या महिन्याची तारीख चुकली म्हणून शून्य टक्के रद्द, आता नेहमीचं व्याज. अटीत लिहिलंय म्हणाली. मी बुककीपिंग शिकवतो असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं सर, मग आज किती भरताय?"

४ ऑक्टोबर
अनोळखी नंबर उचलणं बंद केलंय. मन शांत.

६ ऑक्टोबर
फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून दाक्षायणीचा दिला होता. बँकेने तिला फोन केला.
राग आला की ती कन्नडवर जाते. समोर बसली आणि एवढंच म्हणाली, "एष्टु?" म्हणजे किती.
मी विचारलं, "दोन्ही मिळून, की वेगवेगळं?"
दुसरंही कार्ड आहे हे तिला माहीत नव्हतं.

८ ऑक्टोबर
दोघं दोन्ही बँकांत जाऊन आलो. एक लाख सव्वीस हजार, दोन वर्षांचे हप्ते, पगार झाला की परस्पर कापले जाणार. प्रश्न सगळे तिने विचारले. साहेबही तिच्याकडेच बघून बोलत होते, मला फक्त सह्यांपुरतं विचारलं. दोन्ही कार्डं बंद. एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये.

१३ ऑक्टोबर
पेट्रोलला दोनशे मागितले. तिने शंभर दिले. पावती आणा म्हणाली.