कॉम्प्युटरला गाव पाहिजे

मरोळ, अंधेरी पूर्व
एप्रिल १९८७

तीर्थरूप धोंडिरामदादास,

कमलचा सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की नुसता कण्हतोस? वहिनीलाही जयभीम सांग. आम्ही इकडे बरे आहोत, फक्त कारखान्यात माझ्या नावाने बोंबाबोंब चाललीय.

झालं असं, आमच्या पेनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आलाय. त्याची खोली एवढी थंड, की तो चालवणारा विद्याधर (आमचा क्लार्क, लग्नाचा आहे, कुणी असली तर कळव) ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो. चपला बाहेर काढायला लावतात, मला वाटलं आत मूर्ती बसवलीय. आता रजा साहेब देत नाही, हा कॉम्प्युटर देतो. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की आपली जुनी वस्ती उघडी पडते म्हणतात, ती एकदा बघायची म्हणून मी रजा मागितली, तर हा माझ्याच नावावर अडून बसला. मूळ गावाचा रकाना रिकामा आहे म्हणे. म्हटलं, भर की मेल्या! विद्याधरने तुझ्यामाझ्या गावाचं नाव घातलं. मशीन परत तेच मागायला लागलं. त्याच्या पोटात म्हणे पोस्टांची यादी आहे, आणि आपलं पोस्ट गावाबरोबरच बुडालं.

खरं सांगते दादा, गाव सोडलं तेव्हा मी रडले नव्हते (भांडी रचायची घाई होती). आता आठवायला लागले तर थांबेना. ओढ्याकाठची आपली घरं, शेकोटीत भाजलेल्या हरभऱ्याचा वास, आईचं जातं. ते गाडीत मावेना, तर तू उंबऱ्याशी ठेवून वर गोणपाट घालून आलास, जसं काय उद्या परत येणारच होतो.

विद्याधरने रकान्यात नुसतं टिंब दिलं. ते मशीनने गिळलं, पण दुसऱ्या दिवशी मशीन माझ्या नावाशी येऊन असं थांबलं, की माझ्या मागच्या सगळ्या पॅकिंगवाल्यांच्या रजा अडकल्या. बायका तुटूनच पडल्या. "कमल, टाक ना कुठलं पण गाव! तुझ्यापायी माझी एसटी चुकेल!" शेजारच्या टेबलावरची जानकी मालवणची. ती म्हणाली, "माझो गाव घे गो, आंबे मातर मागू नको." म्हटलं, गाव म्हणजे काय वाटीभर साखर आहे, उसनी घ्यायला?

शेवटी वैतागून तुझं नवं गाव सांगितलं. मशीनने मुकाट्याने घेतलं, सगळ्यांच्या रजा सुटल्या. लगेच फुशारू नकोस. ते गाव नव्हेच. सरकारने फीत लावून पाडलेले प्लॉट, ना ओढा, ना सावलीला झाड. इतक्या वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलं नाही ते उगाच नाही. मशीनला काय कळतंय.

तब्येतीला जप.

तुझी,
कमल

ता. क. कंपनीचं कार्ड येईल, ही बाई तुमच्या गावची का म्हणून. हो म्हण. धरणाची सगळी कहाणी लिहीत बसू नकोस.

ता. क. आणखी एक. वहिनीला विचार, रजाभर तुमच्याकडे राहिले तर चालेल का. यंदा पाणी नाही उतरलं तरी येतेच आहे. स्टँडवर घ्यायला ये, तुझं घर कुठल्या गल्लीत आहे तेसुद्धा मला माहीत नाही.