सासूबाईंचा आवाज आणि माझी बारीक सुई

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. १४ डिसेंबरला सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन. शाल-श्रीफळ कुणीही देईल. मी त्यांना त्यांचा आवाज देणार. सोळाव्या वर्षी गायनस्पर्धेत पहिल्या आल्या तेव्हा त्यांच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली होती. एकच प्रत, ती आता माझ्या बायकोच्या, क्षमाच्या कपाटात. लग्न झालं, गाणं सुटलं, ग्रामोफोन माहेरीच राहिला. तो आवाज त्यांनी पुन्हा ऐकलेला नाही.
बाबांचं टर्नटेबल माझ्याकडे आहे. फक्त कार्ट्रिज गेलंय, म्हणजे सुईचं मुंडकं. बदललं की झालं.
फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं. सगळ्यांनी हार्ट पाठवले. सासूबाईंनी नुसतं ‘खरंच?’ असं लिहिलं.

५ नोव्हेंबर
प्रकरण सोपं नाही. कार्ट्रिजच्या जाती निराळ्या, सुयांचे आकार निराळे. नेटवरच्या एका फोरमवर गृहस्थ लिहितात, चुकीची सुई म्हणजे रेकॉर्डवर खिळा घासणं. शंभर टक्के पटलं.
क्षमाने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड काढून आणली. एकदा बघ तरी रे, म्हणाली. मी फडकं सोडू दिलं नाही. धूळ बसते. योग्य सुई येईपर्यंत रेकॉर्ड गुंडाळलेलीच राहील. याला शिस्त म्हणतात.

११ नोव्हेंबर
जुन्या कार्ट्रिजचं अचूक वजन हवं होतं. ऑफिसातून येताना मुलुंड स्टेशनजवळच्या सोनाराकडे गेलो. त्याने तोलून दिलं आणि विचारलं, मोडीत घालायचंय का. अडाणी.
आज फोरमवर बोरिवलीच्या एकाला सल्ला दिला. त्याने थँक यू सर लिहिलं. सर!

१९ नोव्हेंबर
केतनचा फोन. क्षमाचा भाऊ, घाटकोपरला असतो, सासूबाई त्याच्याकडेच. म्हणाला, भाऊजी, मिळेल ती सुई लावा ना यार, आई रोज विचारते. मी शांतपणे त्याला सुईच्या टोकाची भूमिती समजावली. मध्येच म्हणाला, कुकर झाला, ठेवतो.
ब्लूटूथ स्पीकरवर आरती लावणारा माणूस. सोडून दिलं.

२८ नोव्हेंबर
ऑर्डर केलं! जपानी. फोरमवरची सगळ्यात बारीक सुई. खाचेच्या तळापर्यंत जाते म्हणे. सासूबाईंनी गाताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येणार.
किंमत क्षमाला सांगितलेली नाही. योग्य वेळ आली की सांगेन.

६ डिसेंबर
सुई बसली. बाबांची सनईची एलपी लावली. झकास! शेजारच्या जयाकाकू विचारायला आल्या, कुणाचं लग्न ठरलं. हीच पावती.
क्षमा म्हणाली, आता आईची लावून बघ. मी ठाम नकार दिला. ती पहिल्यांदा वाजेल ती आईंच्या समोरच. अशा क्षणांची रंगीत तालीम करायची नसते. मग भोग, म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

१४ डिसेंबर, सकाळ
मशीन चादरीत बांधलं. भाषण पाठ आहे. मन प्रसन्न.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
सासूबाईंना ओवाळून झालं. मी अॅनालॉग आवाजाच्या उबेवर चार शब्द बोललो. (क्षमाच्या मते वीस मिनिटं.) सासूबाई पुढच्या खुर्चीत, पदर सावरून, हात मांडीवर घट्ट धरून बसलेल्या.
फडकं सोडलं. लेबलवर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे ग्रामोफोनची, जोरात फिरणारी, जाड खाचांची जुनी तवकडी. माझ्या मशीनवर तेहतीस आणि पंचेचाळीस, दोनच स्पीड. आणि सुई एलपीची, केसासारखी बारीक.
सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पंचेचाळीसवर लावली.
कढईत भजी सोडल्यासारखा आवाज आला आणि त्यामागून कुणी लठ्ठ पुरुष झोपेत गायला लागला. सासूबाईंनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं. मग म्हणाल्या, छान गातात हो हे. माझी कधी लावणार?
हॉल हसून हसून आडवा. माझी पार वाट लागली.
केतनने ते सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. तिथेच उभ्या उभ्या कसल्याशा अॅपमध्ये घालून त्याने ते अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने पळवलं आणि मोबाइल आईच्या हातात दिला. खरखरीतून एक मुलगी गायला लागली. कोवळी, धीट मुलगी. हसणं थांबलं. सासूबाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्यांचे ओठ हलत होते. क्षमा रडली. मलाही फार भरून आलं.
सुई बहुतेक गेली. तपासलं नाही.
निघताना सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता शाबासकी. त्या हळूच म्हणाल्या, मार्तंडराव, हे ठरवलंत त्याच दिवशी का नाही हो लावलंत? महिनाभर रोज ऐकलं असतं. माझ्याकडे महिने काय फार आहेत?
सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. मशीनची वायर गुंडाळत बसलो.