एकदाच प्रवेश

४ मार्च
रोजनिशी, माफ कर. जानेवारीपासून तुला हात लावला नाही. कारणं लिहायला बसलो तर ती सबबी वाटतील, आणि त्या सबबीच आहेत की काय हे तपासण्यात आणखी वेळ जाईल. म्हणून नुसती माफी.

विषय गंभीर आहे. ताईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. एकवीस तारखेला ऑपरेशन. भाऊजी गेल्यापासून ती त्या चिमुकल्या देशात एकटीच राहते. फोनवर म्हणाली, तू काही करू नकोस रे, भूल द्यायच्या आधी तुझं तोंड दिसलं म्हणजे झालं. ताई घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणालो, येतोच, सगळं माझ्यावर सोड. ती म्हणाली, सगळं नको, नुसता ये.

७ मार्च
अभ्यास सुरू. देश एवढासा, की सकाळी फिरायला निघालेला माणूस जेवायच्या वेळेला परदेशात पोचतो. चहूबाजूंनी एकच मोठा देश. विमानतळ नाही, रेल्वे नाही. मोठ्या देशात उतरायचं, पुढे बस. छोट्याला वेगळा व्हिसा लागत नाही, मोठ्याचाच चालतो. सरहद्दीवर चौकी आहे, पण शिक्का ज्याला हवा त्यानेच मागायचा. दुपारी दुकानं बंद. रविवारी गवत कापायला मनाई. (गवत कापण्याचा विचार नाही. तरी टिपून ठेवलं.)

ऑफिसात मी विम्याचे क्लेम तपासतो. बारीक टाइपातलं वाचणं हा माझा धंदाच. तिथे मला पाठीमागे ‘परिशिष्ट’ म्हणतात. म्हणोत.

१० मार्च
मोठ्या देशाच्या व्हिसाचा अर्ज. प्रश्न : आमच्या देशात एकदा प्रवेश करणार की अनेकदा? मी ‘एकदा’वर खूण केली. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, साहेब, मल्टिपल टाका, सगळे तेच टाकतात, फी तेवढीच. मी म्हणालो, सगळे टाकतात म्हणून मी खोटं का लिहू? मी एकदाच उतरणार आहे. तो म्हणाला, मर्जी तुमची.

बायकोही बरोबर येतेय. हिने मात्र माझ्यादेखत ‘अनेकदा’वर खूण केली. विचारलं तर म्हणाली, फुकट मिळतंय ना, असू दे की. सरकारशी खोटं बोलताना हिची पापणीही लवत नाही.

मी फार कडक तर नाही ना? बराच वेळ विचार केला. नाही.

१९ मार्च, विमानतळ
निघालो. नियमांची फाइल हातातल्या बॅगेत. ही विचारते, हॉस्पिटल नक्की कुठे आहे ते विचारलंत का? ताई म्हणाली आहे, घरापासून दहा मिनिटं. यापलीकडे काय विचारायचं?

२० मार्च, ताईचं घर
चौकीवर बस हळूसुद्धा झाली नाही. मी उठून ड्रायव्हरला थांबवलं. तो म्हणाला, इथे कोणी शिक्का मारून घेत नाही. म्हणालो, म्हणूनच. मोठ्या देशाचा अधिकारी पाव खात होता. हात पुसून त्याने ‘बाहेर’चा शिक्का मारला, पलीकडच्या बाईने ‘आत’चा. हिने पासपोर्ट पर्समधून काढलाच नाही. बसमधला एक म्हातारा माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. कौतुक असावं.

ताई दारातच उभी होती. किती वाळली आहे. मी शिक्का दाखवला. म्हणाली, छान आहे, आधी पाणी पी.

२१ मार्च, सकाळ


ताईला न्यायला रुग्णवाहिका आली तेव्हा कळलं, की या देशात ऑपरेशनं होत नाहीत. दवाखाना आहे तो खोकल्यापुरता. हॉस्पिटल सरहद्दीपलीकडे, मोठ्या देशात. दहा मिनिटंच.

ताईबरोबर फक्त नर्स. आम्ही मागून टॅक्सीत. रुग्णवाहिका चौकीतून सरळ गेली. टॅक्सीलाही हातानेच जा म्हणाले. मी म्हणालो, थांबवा, आत जातोय त्याचा शिक्का घेतो. ही म्हणाली, अहो, चला. म्हणालो, एक मिनिट. ही म्हणाली, ताईंना आत नेतील, चला म्हणतेय ना.

मी उतरलो.

कालचाच अधिकारी. या शिक्केवाले साहेब, म्हणाला. पानं उलटली आणि त्याचं हसू गेलं. म्हणाला, तुम्हाला एकदाच यायची परवानगी होती. आलात, काल बाहेरही पडलात. संपली. मी म्हणालो, अहो, मी फक्त बहिणीकडे गेलो होतो. म्हणाला, हो, परदेशात. मग मी म्हणालो (हे लिहिताना लाज वाटते), शिक्का राहू दे, असाच जातो. तो म्हणाला, आता मी पाहिलंय.

ही टॅक्सी घेऊन पुढे गेली. मी चालत परत आलो.

दुपार
नियम बरोबर होते. मीही बरोबर होतो. दोन बरोबर गोष्टी मिळून असं कसं झालं, ते तपासतो आहे. एजंटने नीट समजावायला हवं होतं. ताईनेही दहा मिनिटं म्हणताना कुठल्या देशात ते सांगायला हवं होतं.

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय.

मोठ्या देशाची कचेरी इथे फक्त गुरुवारी उघडते. आज शुक्रवार. फोन गप्प.

खोडलं.

संध्याकाळ
हिचा फोन. ऑपरेशन नीट झालं, ताई शुद्धीवर आहे. किती वाजता शुद्धीवर आली ते विचारून मी टिपून ठेवलं.

ही सांगत होती, भूल द्यायच्या आधी ताईने दाराकडे बघून विचारलं, हा कुठे आहे? ही म्हणाली, परदेशात. ताईला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचा डोळा लागला. मी म्हणालो, म्हणजे एका अर्थी माझा उपयोगच झाला.

ही म्हणाली, महिनाभर ताईंनी जिना चढायचा नाही, आणि झोपायची खोली वर आहे. तेवढं बघा, कुठला नियम आड येत नसेल तर.

उद्या : ताईचा पलंग खाली आणणे.