तोंडातली कलेजी

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो. कवळ्यांचं रेंगाळलेलं काम मार्गी लागलं, दवाखान्यांतून नवे साचेही येऊ लागलेत.

काल एक बाई आल्या होत्या. ही दर रविवारी आपल्या भिंगरी कुत्रीला घेऊन ज्या मैदानावर जायची, तिथल्या टीमच्या कॅप्टन. पूर्वी पोहायला शिकवायच्या, गळ्यात शिट्टी अजून आहे. आपला कुत्रा घेऊन आल्या. त्या हिच्याबद्दल चार शब्द बोलत होत्या आणि तो मांडीवर चढून त्यांचे ओठ चाटत होता. बाईंनी ना त्याला बाजूला केलं ना बोलणं थांबवलं. मी खिडकीकडे बघत बसलो. चहा दिला, तर अर्धा स्वतः घेतला आणि उरलेला त्याच कपातून त्याला पाजला. तो कप मी टाकून दिला.

त्यांचं काम असं. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची लीग असते. एका टीममध्ये चार कुत्रे, प्रत्येकाबरोबर पळणारा एक माणूस. उड्या, कापडी बोगदा, वर-खाली होणारी फळी, खांबांच्या रांगेतून नागमोडी धावणं. चौघांचा वेळ एकत्र धरतात, आणि एक जरी बाद झाला तरी सगळी टीम तळाला. ही गेल्यावर त्यांच्याकडे तीनच कुत्रे उरले. एप्रिलच्या सामन्याला चौथा नसेल तर टीमचं नाव कापतात. तेव्हा एक तर मी भिंगरीला घेऊन उतरायचं, नाहीतर भिंगरी त्यांना देऊन टाकायची. तुमच्याकडे ती नुसती गंजेल, असं माझ्याच खुर्चीत बसून म्हणाल्या.

मला कुत्र्याचं काहीच सोसत नाही, हे तुला माहीत आहे. पाच वर्षं ती हिची होती आणि मी अंतर राखून होतो. बाईंना टीमचा कोट परत हवा होता, म्हणून त्या गेल्यावर हिचा कोट कपाटातून काढला. खिसे रिकामे करायला हात घातला, तर आतल्या एका पिशवीत काहीतरी मऊ लागलं. उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते, ही अंथरुणाला खिळायच्या आधीचे. काळे पडलेले, वर बुरशीची लव. तीन वेळा हात धुतले. जेवलो नाही.

देऊनच टाकावी, असं वाटतं. तुझं मत कळव.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

*

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तसेच आहेत. तुझे भाऊजी माझं कानाचं यंत्र रोज नव्या ठिकाणी ठेवतात आणि मीच हरवते म्हणून गावभर सांगतात. बाकी क्षेम.

अरे, कप टाकलास? कपानं काय केलं होतं तुझं? लहानपणी मी तुझ्या पेल्याला नुसतं बोट लावलं तरी तू तो घासून आणायचास. आई म्हणायची, हा मुलगा साबणाच्या कारखान्यात घरजावई जाणार. आणि धंदा काय धरलास, तर लोकांच्या बोळक्यांचा! दिवसभर परक्या जबड्यांचे साचे कुरवाळतोस आणि कुत्र्याच्या जिभेचं वावडं. साचे धुऊन येतात, हे सांगू नकोस. दर वेळी तेच सांगतोस.

द्यायची तर देऊन टाक ना. त्याला माझं मत कशाला? कपाटं, भांडी, तिची शिलाईची मशीन, सगळं मला न विचारता वाटलंस. ह्याच एका गोष्टीला विचारतोस, म्हणजे द्यायची नाही. पण हे तू कबूल करायचा नाहीस. तेव्हा एकदा जाऊन तर ये. पळताना पडू नकोस, या वयात हाड लवकर जुळत नाही.

आठवण काढते. पत्र लिहायचा आळस नको.

तुझी,
ताई

*

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. दोनदा. आणि काय सांगू, इतकी किळस मला उभ्या जन्मात आली नव्हती.

मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिथे माणसं आणि कुत्री एकाच बाकावर बसतात आणि एकाच डब्यात तोंडं घालतात. सगळ्यांच्या कपड्यांवर लाळेचे वाळलेले पट्टे. टीममध्ये एक चावीवाला आहे, स्वभावाने भला. त्याने हात पुढे केला तो चिकट होता. काही नाही, यकृत आहे, असं म्हणाला. जणू त्याने मला बरं वाटणार होतं.

भिंगरी माझ्याबरोबर पळेना. पहिल्या उडीशी थांबायची, मी हाताने केलेल्या खुणेकडे ढुंकूनही न बघता जमीन हुंगत निघून जायची. कॅप्टनबाईंनी शिट्टी फुंकून फुंकून कान किटवले. शेवटी म्हणाल्या, ती हाताकडे बघणारी नाही, ती तोंडाकडे बघते. मला कळलं नाही. तेव्हा चावीवाल्याने करून दाखवलं. ही माणसं कलेजीचा तुकडा आपल्या गालात धरून पळतात, आणि अडथळा पार झाला की तो तोंडातून कुत्र्याकडे उडवतात. म्हणजे कुत्र्याची नजर तोंडावरून हलत नाही. सामन्यात दोरीच्या आत खाऊ न्यायला बंदी आहे, पण तोपर्यंत कुत्र्याला सवय लागलेली असते.

हीसुद्धा तेच करायची. टीममध्ये सगळ्यांत लांब हिचाच तुकडा जायचा म्हणे. सहा फूट. त्यावर सगळे टाळ्या वाजवायचे आणि ही खो-खो हसायची, तोंडात कलेजी असताना. ताई, ही घरात हसताना तोंडावर हात धरायची. मला चालत नाही म्हणून माझ्या ताटातलं तिनं कधी काही उचललं नाही. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखंच वाटतं.

मीही एक तुकडा गालात धरला. चार पावलं गेलो आणि कुंपणापाशी जाऊन ओकलो. माती टाकायला फावडं शोधत होतो, तेवढ्यात कॅप्टनबाईंचा कुत्रा तिथे पोचला. पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा धरला. या वेळी ओकलो नाही. भिंगरीने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत सगळे अडथळे पार केले. पाच वर्षांत तिनं माझ्याकडे असं पहिल्यांदा पाहिलं.

कॅप्टनबाईंनी सगळ्यांसमोर अट घातली आहे. सामन्यात भिंगरी बाद झाली, तर त्याच दिवशी तिचा पट्टा त्यांच्या हातात द्यायचा. मी हो म्हटलं. शब्द दिला.

लोभ कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

*

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की भाऊजी काठी टेकत बघायला आले. मग रात्री जेवण गेलं नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. सांगू नये असंच ठरवलं होतं, पण तू आता गालात कलेजी धरतोस, तर ऐकूनही घेशील. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याकडे होते. आतलं सगळं नर्सबाई करायच्या. तू दार लावून दातांना पॉलिश करत बसायचास. मशीनचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा, म्हणजे बघ. एका दुपारी नर्सबाई औषधाला गेल्या होत्या आणि तिला उलटी झाली. चादर, उशी, केस, सगळं भरलं. मला वाकवेना, म्हणून तुला हाक मारायला उठले, तर तिनं माझं मनगट धरलं. त्याला बोलावू नका, म्हणाली. त्याला घाण वाटते आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते, ते मला बघवत नाही. मग गुडघे मोडत मीच आवरलं. भिंगरी पलंगाखाली होती, ती काही हलली नाही.

रागावलास तरी चालेल. पण सामन्याचं कळव.

जीव तुझ्याकडे लागला आहे, तो तसाच राहील.

तुझी,
ताई

*

ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून घडी घातली आणि कामाला बसलो. चार दिवस एकही कवळी नीट बसेना, सगळ्या परत आल्या. राग आला. तिचा नाही, तुझा. तू तिचं ऐकायला नको होतंस, मला दंडाला धरून आत न्यायला हवं होतंस. मग वाटलं, दार मी लावलं होतं.

काल सामना झाला. आमचे तिन्ही कुत्रे व्यवस्थित धावले. चावीवाल्याच्या कुत्र्याने तर टीमला दुसऱ्या नंबरावर आणून ठेवलं. शेवटी भिंगरी. दोरीच्या बाहेर तिला दोनच तुकडे द्यायचे, असं कॅप्टनबाईंनी बजावलं होतं. ती तोंडाकडे बघत राहिली आणि मी गालातून एकामागून एक देत गेलो, सात-आठ तरी. आता मला त्याचं काही वाटेनासं झालंय असं समजू नकोस. दर तुकड्यानंतर बाजूला जाऊन थुंकत होतो.

धावली मात्र सुरेख. बोगदा, फळी, खांब, कुठे चूक नाही. माझं तोंड रिकामं होतं तरी नजर तिथेच. शेवटच्या उडीपाशी थांबली, पाठ वाकवली आणि सगळी कलेजी ओकून टाकली. मैदानात कुत्र्याने घाण केली की बाद. पंचांनी हात वर केला. टीम तळाला गेली.

सफाईचा माणूस बादली घेऊन धावत आला. मी बादली त्याच्या हातातून घेतली. गुडघे टेकले आणि कागदाने पुसायला लागलो. ते गरम होतं, ताई. कागद पुरला नाही, मग हाताने उचललं. तिच्या छातीचे केस भरले होते, तेही पुसले. दोनदा मलाच उमासा आला, तोंड वळवून पुन्हा पुसत राहिलो. पंच घड्याळ बघत होते, प्रेक्षकांतून कोणी आटपा म्हणालं. मी आटपलं नाही. माझा चेहरा कसा दिसत होता, मला माहीत नाही. भिंगरी पूर्ण वेळ त्या चेहऱ्याकडेच बघत होती आणि जागची हलली नाही.

बाहेर आलो तर कॅप्टनबाईंनी हात पुढे केला. पट्ट्यासाठी. चावीवाला खाली बघत होता. मी पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळला आणि म्हणालो, देणार नाही. त्यांनी शब्दाची आठवण करून दिली. मी म्हणालो, हो, दिला होता. त्या मागून बरंच बोलल्या, खोटारडा वगैरे. सगळं मैदान ऐकत होतं. आम्ही चालत घरी आलो, कारण त्या वासाने बसमध्ये कोणी घेतलं नसतं.

आयुष्यात पहिल्यांदा शब्द मोडला. लाज वाटायला हवी. अजून वाटलेली नाही, वाटली तर कळवीन.

तुझ्या गुडघ्यांनी त्या दुपारी माझं काम केलं. ते फेडता येणार नाही. आता लोभ कुठल्या तोंडाने मागू? तरी ठेव.

तुझा,
धाकटा