भुई हालती का

आई, जमिनीला भोक पाडलं की भुई हालती का, असं तू मला एकदा विचारलं होतंस. तेव्हा मी शाळेत होते. आता मी जमिनीत फार खोल जाणाऱ्या भोकांवरच पीएच.डी. करते आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. हे आधीच सांगून टाकते. तुला वाचता येत नव्हतं. घरात येणारा प्रत्येक कागद मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. हेही मी लिहिता लिहिता हळू आवाजात वाचते आहे. खोलीत दुसरं कुणी नाही, त्यामुळं कुणाला त्रास नाही.

भूकंपाचं मला काहीच आठवत नाही. बाबा गेले, दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद एकदम खाली आलं, तू मला घेऊन बाहेर आलीस, हे सगळं मी इतरांच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या आठवणी सुरू होतात त्या भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडपासून, आणि मग लातूरपासून. गल्लीच्या तोंडाशी क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, आणि आत आपलं भाड्याचं घर. नांदेड, परभणी, देगलूरकडून क्लाससाठी आलेल्या मुली आपल्याकडं राहायच्या, तुझ्या हातचं जेवायच्या आणि तुला काकू म्हणायच्या. सगळे स्लॅबचं घर शोधत होते तेव्हा तू मुद्दाम पत्र्याचं घर शोधलंस. उन्हाळ्यात मुली ओल्या चादरी अंगावर घेऊन अभ्यास करायच्या. एकीनं म्हटलं, "काकू, आम्ही डॉक्टर व्हायच्या आधी भाजून निघू." तू म्हणालीस, "भाजलेलं माणूस जित्तं राहतंय, माय. दबलेलं न्हाई."

आणि दाराची कडी. झोपताना तू कधीच कडी लावू दिली नाहीस. भूकंपात म्हणे कितीतरी दारं अडकली, कड्या निघाल्याच नाहीत. मुलींचे वडील यायचे, दार बघायचे आणि काळजीनं विचारायचे, "वयात आलेल्या पोरी, अन् दार उघडं?" तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. तू तुझं अंथरूण उचललंस आणि उंबऱ्याला लागून आडवं टाकलंस. तेव्हापासून तू तिथंच झोपलीस. आत यायचं असेल तर तुला ओलांडून यावं लागलं असतं. वडील मुलगी ठेवून जायचे.

शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. सकाळची वेळ आहे. तू भाकरी थापते आहेस, देगलूरची मुलगी न्हाणीत केस धुते आहे, मी दप्तर भरते आहे. बाहेर मशीन सुरू होतं आणि मांडणीवरची ताटं आधी हलकी, मग जोरात वाजायला लागतात. फरशी पायाखाली थरथरते. तुझ्या हातातली भाकरी तशीच खाली पडते. "बाहीर! बाहीर पळा गं समद्या!" तू माझं मनगट धरतेस, दुसऱ्या हातानं मुलींना ढकलतेस. देगलूरची मुलगी केसांत फेस घेऊन, अंगावर कशीबशी ओढणी गुंडाळून गल्लीत येते. समोरच्या ओट्यावरचा माणूस पोट धरून हसतो. "ओ मावशी, भूकंप न्हाई, बोअर हाय बोअर!" मुलीही हसायला लागतात. मग त्यांना तुझा चेहरा दिसतो आणि एकेक करून त्या थांबतात. तू माझं मनगट सोडत नाहीस. गाडी जेवणासाठी बंद होईपर्यंत आपण सगळ्या गल्लीतच उभ्या. त्या दिवशी कुणाचाच क्लास झाला नाही.

संध्याकाळी तू मला विचारलंस, "तुझ्या पुस्तकात हाय का गं? जमिनीला भोक पाडलं की भुई हालती का?" मी म्हटलं, विचारून सांगते. क्लासच्या ज्या सरांकडं तुझा डबा जायचा, त्यांना मी दुसऱ्या दिवशी डबा देताना विचारलं. माणूस चांगला होता. घाईत होता, बाहेर पुढची बॅच उभी होती. म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. त्यात वेळ घालवू नको." मी घरी येऊन तुला तेच सांगितलं, परीक्षेला येत नाही म्हणून. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "मंग राहू दे."

पण तुझं राहिलं नाही. घरमालक अंगणात बोअर घ्यायला आला, तर तू म्हणालीस, "घ्या की. आमी सामान हालवतो." त्यानं बेत सोडला. मग टँकरमागं पळणं आलं. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, "आई, टँकरचं पाणी पण कुणाच्यातरी बोअरचंच असतं." तू कळशी खाली न ठेवता म्हणालीस, "असू दे. त्यांचं भोक त्यांच्या घराखाली." पुढं पुढं मुलींना चोवीस तास पाणी असलेल्या खोल्या मिळायला लागल्या. त्या रडून तुझ्या पाया पडल्या आणि गेल्या. तू त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातलीस. अंगणात भोक मात्र पडू दिलं नाहीस.

त्या टँकरच्या पाण्यानं आंघोळीच्या हंड्यात पांढरा थर धरायचा. तू हंडा पालथा घालून उलथन्यानं तो खरवडायचीस, आणि अंड्याच्या टरफलासारखे त्याचे तुकडे पडायचे. देगलूरची मुलगी एकदा म्हणाली, "काकू, हे कॅल्शियम कार्बोनेट हाय, आमाला शिकवलंय." तू म्हणालीस, "काय का असंना. हंडा जड करून राह्यलंय." मी ते तुकडे गोळा करायची, त्यांवर लिंबू पिळायची आणि बुडबुडे बघत बसायची. तू लिंबू वाया घालवते म्हणून ओरडायचीस.

मी बारावीत असताना तू कावीळ होऊन गेलीस. मामानं मला भोकरला नेलं, नांदेडला कॉलेजात घातलं. पदवी मिळाली त्या दिवशी मामा साऱ्या वस्तीत पेढे वाटत फिरला. पदवी म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामी एवढंच म्हणाली, "आता परत परीक्षा न्हाई ना बाई?" मी हसले आणि पुढच्या परीक्षेला बसले.

आता मी काय करते ते तुला समजेल असं सांगते. जमिनीखाली खूप खोल गेलं की खडक तापलेला असतो. तिथलं पाणी वर आणलं तर त्याच्या वाफेवर वीज करता येते. धूर नाही, कोळसा नाही. पण ते पाणी रिकाम्या हातानं येत नाही. खाली दाबात असताना ते दगड विरघळवून घेतं, आणि वर येताना दाब कमी झाला की त्यातला वायू सोड्याच्या बाटलीसारखा निघून जातो आणि दगड नळीच्या भिंतीला बसतो. थरावर थर. इतका पैसा, इतकी मेहनत करून पाडलेली विहीर शेवटी गळ्याशी आवळून बंद पडते. तो थर कधी बसतो, कशानं बसतो, तो बसूच नये म्हणून काय करता येईल, हे मी शोधते. म्हणजे तुझ्याच हंड्याचं काम, फक्त हंडा खूप खोल आहे. माझ्यापाशी प्रेशर कुकरसारखं एक जाड पोलादी भांडं आहे. त्यात पाणी तापत ठेवायचं, आकडे बघायचे. दिवाळीत सगळी प्रयोगशाळा गावाला जाते. भांडं गार होऊ देता येत नाही म्हणून मी थांबते. काही दिवस असे जातात की मी फक्त चहावाल्याशी बोलते, आणि तेही बोटानं एक असं दाखवून. मला हे काम आवडतं, आई. मला वाटतं यातून आपल्या भागाला काहीतरी मिळेल. पण ज्याला सांगावं असं माणूस नाही.

या हिवाळ्यात असं ठरलं की इस्लापूरच्या पुढच्या एका गावात, जिथं उन्हाळ्याचं कुंड आहे, म्हणजे ऊन पाण्याचा झरा, तिथं चाचणीची खोल विहीर घ्यायची. त्या विहिरीचं पाणी मिळालं तर माझा प्रबंध पुरा होणार होता. ते मिळालं नाही तर मी अर्ध्यात. गावाची संमती हवी म्हणून सभा ठेवली. माझे मार्गदर्शक सर, प्रकल्पाचे एक साहेब आणि मी. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. सर म्हणाले, "या ताई मराठवाड्याच्याच आहेत, त्याच सांगतील." मी परदेशातल्या एका विहिरीतून काढलेला नळीचा तुकडा सोबत नेला होता, आतून पांढऱ्या थरानं जवळजवळ बुजलेला. तो हातोहात फिरला. एक बाई म्हणाली, "अव्वो, हे तर आमच्या हंड्यातलंच हाय." दुसरी म्हणाली, "तुझा हंडा विलायतेला पोचला की गं!" सगळे हसले. मलाही किती दिवसांनी मोकळं हसू आलं. मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. तिनं विचारलं, "बाई, एवढं खोल भोक पाडल्यावर भुई हालती का?"

साहेब म्हणाले, "आज्जी, हालली तर आम्ही धरून ठेवू." पुन्हा हशा. म्हातारी हसली नाही. ती माझ्याकडंच बघत होती. साहेब मला म्हणाले, "सांगा मॅडम, नाही म्हणून सांगून टाका."

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं, आई. ते अगदी खोटंही नव्हतं. घरातल्या बोअरनं जमीन हालत नाही. आपला भूकंप कुणाच्या बोअरनं झाला नव्हता, एवढं मी तुला आज ठामपणे सांगू शकते. पण या विहिरी वेगळ्या. इथं वापरलेलं पाणी पुन्हा खाली, खडकाच्या भेगांत ढकलतात. जगात काही ठिकाणी त्यानं जमीन हादरली आहे. बहुतेकदा थोडी, कधी थोडीहून जास्त. मी तेच सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "इथं काय होईल, ते मला माहीत नाही."

मग मागून एका माणसानं शांतपणे म्हटलं, "मंग माहीत झाल्यावर या." लोक उठले. म्हातारीनं नळीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुजं गाव कंचं?" मी आपलं भूकंपातलं गाव सांगितलं. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

परतताना हिमायतनगर मागं पडलं. भोकरला चहाला थांबलो तेव्हा साहेब फोनवर लांब गेले आणि सर म्हणाले, "तू खोटं बोलली नाहीस. पण धोका किती कमी आहे, ते आधी सांगायचं असतं. लोक शेवटचं वाक्य घेऊन घरी जातात." त्यात तथ्य होतं. मग म्हणाले, "पुन्हा सभा घेऊ. या वेळी एवढंच म्हण, काळजीचं कारण नाही. विहीर झाली की पाणी तुझंच." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना माझा प्रबंध पुरा झालेला खरोखर बघायचा होता.

बरेच दिवस भांड्यासमोर बसून मी दोन्हीकडून भांडत होते. एकदा वाटायचं, तुझी भीती मी का वाहते आहे? ती तुझी होती, पत्र्याच्या शेडमधली. मी तर शिकले ती यातून सुटण्यासाठीच. मग ती गल्ली आठवायची, फेसानं भरलेले केस, तुझी पकड. तुला कुणी एकदा नीट बसवून सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस. कदाचित बोअरही घेऊ दिला असतास. पण ते परीक्षेला येत नव्हतं.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "तुला डोकं कशाला शिणवायचंय? लातूरला क्लासवाले केमिस्ट्रीला माणसं शोधून राह्यले. तुज्या मायची गल्ली तर आता वळखू येत न्हाई."

मागच्या आठवड्यात मी सरांना सांगितलं. म्हटलं, आधी त्या गावात जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रं बसवा, वर्षभर ऐका, मग मी सभेला येईन आणि जे दिसलं असेल ते सांगेन. त्याशिवाय मी येणार नाही. सर म्हणाले, "आणि तोवर तू काय करशील?" मी म्हटलं, कुंडाच्या पाण्यावर प्रयोगशाळेत जेवढं होतं तेवढं करीन, वेळ लागेल. आणि आठवड्याचे बाकीचे दिवस लातूरला शिकवीन, रविवारी इथं येईन. ते "वेडी आहेस," म्हणाले, आणि मग प्रयोगशाळेची किल्ली टेबलावरून माझ्याकडं सरकवली. "रविवारी शिपाई नसतो. ठेव तुझ्यापाशी."

तर मी लातूरला आले आहे. सोमवारपासून शिकवते. तुझी गल्ली खरंच ओळखू येत नाही; आपलं घर होतं तिथं चार मजली क्लास आहे, आणि माझी खोली त्याच्या मागच्या बोळात. वर स्लॅब आहे, आई. अंगणात बोअर आहे, सकाळी मोटर लागली की खिडकीची काच वाजते. पहिल्या सकाळी मी दारापर्यंत धावले आणि मग परत येऊन दात घासले. घरमालकीण म्हणाली, "एकटी पोरगी हायस, कडी लावत जा बरं का." मी हो म्हणाले. उंबऱ्यावर आडवं झोपायला आता कुणी नाही. तरी मी कडी लावत नाही.